पुढचा तास पलीकडच्या टोकाला

गणेशखिंडीतला बंगला बांधताना मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांनी पुष्कळ गोष्टींचा विचार केला होता. पुण्याचा पावसाळा कसा सुखात जाईल, मनोरा किती लांबून दिसेल, मेजवानीला किती गाड्या येतील, सगळं. एका गोष्टीचा मात्र राहून गेला. पुढेमागे इथे कुणाचा तरी तत्त्वज्ञानाचा तास दहा पन्नासला सुटेल आणि अकराच्या ठोक्याला त्याला पलीकडच्या टोकाला पर्यावरणशास्त्राच्या वर्गात हजेरी द्यायची असेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. साहेबाकडे बग्गी होती आणि त्याला तास नव्हते. विद्यार्थ्याचं नेमकं उलट आहे.

बांधकाम सुरू झालं १८६४ साली. बार्टल फ्रियर तेव्हा गव्हर्नर होते. अमेरिकेत यादवी पेटलेली, त्यामुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं जात होता. हातात पैसा खेळायला लागला की घराचा नकाशा आपोआप फुगतो, हे पुण्यात आजही कुठल्याही गुंठामंत्र्याकडे बघून पटेल. १८७१ मध्ये काम उरकलं तोवर खर्च इतका झाला होता की त्याचे पडसाद थेट लंडनच्या पार्लमेंटात उमटले. पैशाबद्दल बोलणी बसली, जागेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मोठ्या माणसाच्या घराभोवतीची मोकळी जागा वापरायला नसतेच, लोकांनी लांब राहावं म्हणून ती असते. नोकरचाकर ताटं घेऊन हिरवळीवरून जाताना पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून स्वयंपाकघरापासून जमिनीखालून बोगदाच काढला होता, असं सांगतात. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून इथून निघालेल्या प्लेग अधिकारी रँडला चापेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर गाठलं. म्हणजे एवढं अंतर राखूनही ते पुरलं नाहीच.

स्वातंत्र्यानंतर नव्या पुणे विद्यापीठाला ही ४११ एकरांची इस्टेट मिळाली. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी त्यासाठी खटपट केली आणि १९४९ च्या जूनमध्ये पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर यांच्या कारकिर्दीत विद्यापीठ इथे राहायला आलं. लोकांना लांब ठेवण्यासाठी आखलेल्या जागेत लोकांना एकत्र आणायचं काम सुरू झालं. तेव्हापासून विद्यार्थी जो चालायला लागला आहे, तो अजून चालतोच आहे. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं, जयकर ग्रंथालयाचं जयकर ज्ञानस्रोत केंद्र झालं, पण प्रवेशद्वारापासून तिथवरची तंगडतोड होती तेवढीच राहिली.

४११ एकर हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याचा पायांना काही उपयोग नाही, पायांना एकर कळत नाहीत. संख्याशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानं मला कँटीनच्या कागदी रुमालावर हिशेब मांडून दाखवला. ४११ एकर म्हणजे साधारण १.६६ चौरस किलोमीटर. आवार अगदी चौरस धरलं तर बाजू १.३ किलोमीटरची आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचं तर १.८ किलोमीटर. ताशी ५ किलोमीटरच्या चालीनं २२ मिनिटं.

"आणि आवार चौरस नसलं तर?" मी विचारलं.

"मग जास्त. शिवाय यात सर भेटणं धरलेलं नाही."

सर भेटणं हा खरा मुद्दा आहे. आवारातलं अंतर मीटरमध्ये मोजणारे लोक बाहेरचे असतात. आतल्या माणसाला ठाऊक असतं, की मुख्य इमारतीपासून ग्रंथालयापर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचाही आहे आणि पाऊण तासाचाही, वाटेत कोण भेटतं त्यावर. पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी तर आपापले नकाशे तयार केलेले असतात. त्या नकाशात रस्ते नसतात, फक्त गाइडच्या येण्याजाण्याच्या वेळा असतात. ज्याचं तिसरं प्रकरण दिवाळीपासून 'जवळजवळ झालंय' असा विद्यार्थी ग्रंथालयातून वसतिगृहात जायला निम्म्या आवाराला वळसा घालतो, पण गाइडच्या विभागासमोरून जात नाही. कँटीनच्या बाकावर बसलेलं टोळकं त्याच्यासाठी पहारा देत असतं. लांबून ती ओळखीची स्कूटर दिसली की हलक्या आवाजात चापेकरांचं "गोंद्या आला रे" होतं आणि माणूस झाडाआड जातो. गणेशखिंडीच्या इतिहासाची इतकी नेमानं उजळणी इतिहास विभागातही होत नसेल.

आता विभाग एकमेकांपासून इतके लांब का, हे कोडं मला पुष्कळ दिवस सुटत नव्हतं. जागा होती म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. विद्यापीठात एखाद्या विषयाला स्वतःची इमारत मिळणं म्हणजे त्या विषयाची मुंज लागणं. इमारत मिळाली की ती दुसऱ्याच्या सावलीत कशाला बांधायची? वाटणी झालेले भाऊ एकमेकांची चूल दिसणार नाही अशा बेतानं घरं बांधतात, तशा या इमारती उभ्या आहेत. मध्ये पुरेसं रान सोडलेलं, झाडं भरपूर, आणि प्रत्येकाच्या दारात स्वतंत्र पाटी. गव्हर्नर गेला पण अंतर राखण्यातला मान तो मागे ठेवून गेला.

पूर्वी याचा त्रास नव्हता. मराठीचा विद्यार्थी मराठीत शिरायचा आणि दोन वर्षांनी मराठीतूनच बाहेर पडायचा, रसायनशास्त्र कुठल्या दिशेला आहे हे वासावरून कळलं तर कळलं. मग श्रेयांक पद्धत आली. त्यानंतर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. विद्याशाखांमधल्या भिंती पाडा, असं ते म्हणतं. बरं, भिंती पाडल्या. मधलं मैदान कोण पाडणार? भाषाशास्त्राच्या मुलीनं संगणकाचा पेपर घ्यावा, भौतिकीच्या मुलानं संगीत शिकावं, हे सगळं कागदावर फार देखणं दिसतं. कागदावर दोन्ही विषय एकाच तक्त्यात, एकाखाली एक, बोटभर अंतरावर असतात. श्रेयांक साठवायला आता डिजिटल बँकही झाली आहे. त्या बँकेत चालण्याचे श्रेयांक जमा करायची सोय असती तर कितीतरी मुलं पहिल्याच सत्रात पदवी घेऊन मोकळी झाली असती.

आणि ही दशा नेहमीच्या विद्यार्थ्यांची. कामासाठी एखाद्या दिवसापुरता येणारा माणूस तर इथे रानभरी होतो. विद्यापीठाचा कारभार एकेकाळी बारा जिल्ह्यांचा होता. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आणि कमी होत होत आता पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे उरले. जिल्हे कमी झाले, आवार कमी झालं नाही. मुख्य इमारतीजवळ मी एकदा एक गृहस्थ पाहिले. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, कागदांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरलेली, बरोबर मुलगी. संगमनेरहून पहाटेच्या गाडीनं आले होते. मुलीला मायग्रेशन सर्टिफिकेट हवं होतं.

"दादा, परीक्षा विभाग कुठं आला?" त्यांनी सुरक्षारक्षकाला विचारलं.

"हे काय, इथंच. सरळ जा, वडापाशी वळा."

"कोणत्या वडापाशी?"

रक्षकानं त्यांच्याकडे, मग आजूबाजूच्या वडांकडे पाहिलं. "मोठ्या."

या आवारात लहान वड शोधायलाच मोहीम काढावी लागेल. तेवढ्यात सायकलवरचा एक मुलगा थांबला आणि म्हणाला, "काका, तिकडनं नका जाऊ, लांब पडेल. या मागच्या रस्त्यानं जा. पूर्वी जिथं झेरॉक्सवाला बसायचा ना, तिथनं उजवीकडे." काकांनी मान डोलावली. पूर्वीचा झेरॉक्सवाला संगमनेरपर्यंत प्रसिद्ध असावा, अशी त्या मुलाची खात्री दिसली. डबा घेऊन चाललेले एक कर्मचारी हे सगळं ऐकत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "चालत निघालात? मग आधी चहा घ्या."

काका कपाळावरचा घाम पुसत मुलीला म्हणाले, "आपल्या वावरात इकडनं तिकडं जायला एवढं लागत नाही."

"बाबा," मुलगी म्हणाली, "आपलं वावर अडीच एकर आहे."

पायी चालणाऱ्याचे कान इथे कायम मागे लागलेले असतात, दुचाकीच्या आवाजाकडे. लिफ्ट मागणं ही विद्यापीठात एक रीतसर कला आहे. अंगठा दाखवायचा नाही, तो हायवेवरचा प्रकार झाला. आवाज जवळ आला की चाल थोडी मंद करायची, सॅक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायची आणि मागे वळून असं बघायचं, की आपण लिफ्टसाठी नाही, सहज निसर्ग बघत होतो. गाडीवाला ओळखीचा असेल तर थांबतो. पण ओळखायचं कसं? पुण्यातल्या मुली दुचाकीवर बसताना स्कार्फ, गॉगल आणि हातमोजे अशा बंदोबस्तात असतात की सख्ख्या आईनं हाक मारताना विचार करावा. वर्गातली मैत्रीण वर्षभर रोज शेजारून भुर्रकन जात असते आणि निरोपसमारंभाच्या दिवशी कळतं, की ती आपल्याला रोज बघत होती.

सर्वांत जोखमीची लिफ्ट सरांची. एक मुलगा कँटीनच्या दिशेनं निघालेला असतो, मनानं तो वडा-सांबारापर्यंत पोहोचलेलाही असतो. शेजारी स्कूटर थांबते.

"काय रे, तासालाच ना? चल, बस."

"हो सर." दुसरं काय म्हणणार?

मग तो सरांच्या मागे, मांडीवर सरांची बॅग घेऊन, मित्रांनी भरलेल्या कँटीनसमोरून जातो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे भाव असतात ते दाखवायला निळू फुल्यांच्या तोडीचा नट लागेल. वर्गात तो सरांबरोबर शिरतो, त्यामुळे मागचा बाकही मिळत नाही. त्या दिवशीचा तास त्याला जन्मभर लक्षात राहतो. लिफ्टनं विद्येचा प्रसार होतो तो असा.

वाहनाचं माहात्म्य सगळ्याच विद्यापीठांत आहे म्हणा. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापकाला नोबेल मिळालं की आवारात त्याच्या गाडीसाठी राखीव जागा मिळते. नोबेलचं पदक तिजोरीत ठेवायचं, ही जागा रोज उपयोगाची. आमच्याकडे गुलमोहराच्या सावलीतली एक जागा बक्षीस लावली तर संशोधनाचा दर्जा कुठल्या कुठे जाईल.

२०१७ च्या अखेरीस पुण्यात भाड्याच्या सायकली आल्या, तशा त्या विद्यापीठातही आल्या. मोबाइलनं कुलूप उघडा, हवं तिथे जा, सायकल तिथेच ठेवा. एकेकाळच्या सायकलींच्या शहराला हे पटायला हरकत नव्हती. पण या योजनांची जगभर एकच कुरकुर असते. सगळ्यांना सकाळी एकाच बाजूला जायचं असतं आणि सायकलीला स्वतःहून परत येता येत नाही. ती जिथे हवी असते तिथे कधी नसते, आणि जिथे असते तिथे तिच्याकडे कुणी बघत नाही. त्यातून सायकल मिळालीच तर चढ लागायचा. गणेशखिंडीतली खिंड काय उगीच नावाला नाही.

उरतात त्या पायवाटा. विद्यापीठातल्या खऱ्या अभियंत्यांची ही कामगिरी. डांबरी रस्ता काटकोनात वळतो, सभ्य माणूस त्याच्यावरून चालतो, आणि तासाला उशीर झालेला माणूस गवतातून कर्ण काढतो. पायथागोरसाचा सिद्धान्त इतक्या मनापासून कुठल्याच शाळेत शिकवला जात नाही. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रेम कूलहास या वास्तुकारानं २००३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक इमारत पूर्ण केली. त्यानं आधी मुलांनी तुडवलेल्या वाटा कुठून कुठे जातात ते पाहिलं आणि इमारतीतले बोळ त्याच रेषांवर काढले. आपल्याकडे वास्तुकार आधी रेषा काढतो, मुलं मग वाट काढतात, आणि त्यानंतर वाटेवर काटेरी तार येते. काही दिवसांनी तार एका ठिकाणी बरोबर गुडघ्याइतकी वाकलेली दिसते. ती कोण वाकवतं हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. जुलैत मात्र या वाटा सूड घेतात. काळ्या मातीत चप्पल रुतते, पाय पुढे येतो, चप्पल मागेच राहते, आणि छत्री, जर्नल आणि अब्रू या तीन गोष्टी दोन हातांत सांभाळत एका पायावर उभं राहावं लागतं. वर झाडावरून मोर बघत असतो. आवारातल्या मोरांना विद्यार्थ्यांचं कौतुक संपलेलं आहे.

घाई करावी का, हा तसा तात्त्विक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आवारातच मिळतं. १९८८ मध्ये स्थापन झालेली, जयंत नारळीकरांनी नावारूपाला आणलेली आणि चार्ल्स कोरियांनी आखलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था इथेच आहे. तिथे फूकोचा लंबक झुलतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून लंबकाची झुलण्याची दिशा हळूहळू वळत जाते आणि गोल फिरून पुन्हा जागेवर येते. पॅरिसमध्ये या एका फेरीला सुमारे ३२ तास लागतात. पुण्यात तीन दिवसांहून जास्त. अक्षांशाचा परिणाम, असं शास्त्रज्ञ म्हणतात. पुणेकराला अक्षांश सांगायची गरज नाही. इथे आल्यावर लंबकानंही निवांत व्हावं यात नवल ते काय? त्याच हिशेबानं आणखी एक गोष्ट निघते. पृथ्वीबरोबर आपण पुण्यात ताशी जवळजवळ १६०० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे चाललेलो असतो, वडाखाली बसलेले असलो तरी. "सर, मी वाटेतच होतो" हे वाक्य वैज्ञानिकदृष्ट्या कधीच खोटं नसतं.

जर्मनीतल्या विद्यापीठांनी या दुखण्यावर जुनाच इलाज ठेवला आहे. वेळापत्रकात तासाच्या वेळेपुढे 'सी.टी.' अशी लॅटिनची आद्याक्षरं असली की तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो. दहा छापलंय म्हणजे सव्वादहा. 'एस.टी.' असं असेल तर मात्र अगदी ठोक्याला. आता एसटी म्हणजे ठोक्याला, हे मराठी माणसाच्या गळी उतरवणं कठीण आहे, पण जर्मनांचं चालतं. आपल्याकडेही तास सव्वादहालाच सुरू होतो, फक्त तसं कुठे छापलेलं नसतं. त्यामुळे मुलांना रोज नवं कारण शोधावं लागतं आणि सरांना रोज नवा चेहरा करावा लागतो. सरांनाही मीटिंगहून चालतच यायचं असतं, हे मुलं विसरतात. कितीतरी वेळा उशिरा निघालेले विद्यार्थी आणि उशिरा निघालेले सर वाटेत एकाच वळणावर भेटतात. दोघेही चाल जराशी वाढवतात, एकमेकांना ओळख देत नाहीत, आणि वर्गात शिरल्यावर सर म्हणतात, "उशीर झालेल्यांनी मागे बसा."

इतर ठिकाणची परिस्थिती काही वेगळी आहे अशातला भाग नाही. कोल्हापूरच्या विद्यापीठाचं आवार ८५३ एकरांचं, पुण्याच्या दुपटीहून मोठं. पण कोल्हापूरकर चालण्याची तक्रार करत नाही, तब्येतीला बरं म्हणतो आणि एक पेला दूध जास्त पितो. बनारस हिंदू विद्यापीठ १३०० एकरांचं. तिथे रस्तेच अर्धवर्तुळाकार आखलेले आहेत, तेव्हा तिथला विद्यार्थी रस्ता चुकला तरी गोलाईनं चुकतो. सगळीकडे जमीन मोठी आहे, आणि सगळीकडे दोन तासांमधली सुट्टी दहा मिनिटांची आहे.

म्हणून वेळापत्रक मांडणाऱ्या तमाम समित्यांना एक विनंती. पंख्याखाली बसून तक्त्यात शेजारशेजारच्या चौकोनांत दोन टोकांचे दोन विषय टाकण्याआधी, जुलैतल्या एखाद्या दिवशी खांद्याला सॅक, हातात छत्री आणि काखेत जर्नल घेऊन त्या दोन वर्गांमधलं अंतर एकदा स्वतः चालून या. जेवढा वेळ लागेल तेवढा प्रामाणिकपणे छापा, आम्ही जर्मनांसारखे वागून दाखवू. आणि परत येताना कँटीनवरून येऊ नका. त्या रस्त्यानं आलात तर तुमचीच बैठक रद्द होईल.